मुलाच्या शहरात, परक्याच्या घरात

पत्राचा सारांश : पत्रलेखिका सांगलीच्या आहेत, वय ६१, बँकेतून निवृत्त. यजमान ६६ वर्षांचे असून दोघांची प्रकृती ठीक आहे. मुलगा आणि सून लंडनच्या हॅरो भागात एका बेडरूमच्या भाड्याच्या घरात राहतात आणि त्यांना आठ महिन्यांचे बाळ आहे. मागच्या मुक्कामात यजमान सोफ्यावर झोपत होते आणि सगळ्यांचीच कुचंबणा झाली. आता पुन्हा सहा आठवडे जायचे आहे, पण हॉटेल परवडणारे नाही. एका मैत्रिणीने ‘हाउससिटिंग’बद्दल सांगितले : घरमालक बाहेरगावी जातात, आपण त्यांच्या घरात राहून त्यांची जनावरे सांभाळायची आणि भाडे द्यायचे नाही. लेखिकांच्या माहेरी कायम मांजरे होती, त्यामुळे त्यांना ही कल्पना मनापासून आवडली. यजमान म्हणतात, “या वयात परक्यांच्या मांजरांची घाण काढायला लंडनला जायचे का?” मुलगा म्हणतो, “माझे घर असताना तुम्ही परक्यांकडे राहणार?” आणि उपनगरात अडकून पडल्यामुळे लंडन पाहायचे राहून जाईल, अशी लेखिकांची स्वतःची धास्ती आहे. हे फुकटचे राहणे स्वीकारावे का, असे त्या विचारतात.

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात यजमानांना वाटणारा कमीपणा, मुलाचे दुखावलेले मन आणि तुमची स्वतःची धास्ती या तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. तिन्हींचा विचार करू या. पण पत्रात जिचा उल्लेखच नाही अशी चौथी गोष्ट मला आधी घ्यावी लागेल, कारण ती चुकली तर बाकीच्या तिन्हींना अर्थ उरणार नाही. ती गोष्ट म्हणजे व्हिसा.

ब्रिटनच्या स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर सहसा एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येते, आणि मुलाला भेटणे किंवा देश पाहणे हे त्याचे सरळ हेतू आहेत. मात्र पाहुण्याने तिथल्या कंपनीसाठी किंवा स्वतंत्र व्यावसायिक म्हणून काम करायचे नाही, मग ते पगारी असो वा बिनपगारी, अशी त्याची अटही आहे. निवाऱ्याच्या बदल्यात एखाद्याची मांजरे सांभाळणे या अटीत येते का? घरमालक म्हणजे काही कंपनी नव्हे, असे कोणी म्हणेल, तर राहायला मिळाले हाच मोबदला झाला, असेही कोणी म्हणेल, आणि विमानतळावर यातला कोणता अर्थ लावायचा हे समोर बसलेला अधिकारी ठरवतो. अमेरिकेत २०२२ साली कॅनडाला निघालेल्या एका ऑस्ट्रेलियन महिलेला लॉस एंजलिसच्या विमानतळावरूनच परत पाठवण्यात आले, कारण राहण्याच्या बदल्यात मांजरे सांभाळण्याचा तिचा शिरस्ता अधिकाऱ्यांनी काम मानला. तो देश वेगळा आणि नियमही वेगळे असले, तरी ‘पैसे घेत नाही म्हणजे काम नाही’ हे आपले गृहीतक किती कच्चे आहे, एवढे त्यातून नक्की कळते.

म्हणून माझा आग्रह असा आहे की, ही सहल घर राखण्याच्या पायावर उभीच करू नका. तुम्ही मुलाला आणि नातवंडाला भेटायला जात आहात, हेच खरे आहे. अर्जात तेच लिहा, पत्ताही मुलाचाच द्या आणि सहा आठवडे त्याच्याकडे राहावे लागले तरी निभावेल अशी तयारी ठेवा. मग मधले आठ-दहा दिवस जवळपासच्या एखाद्या घरात राहण्याचा विचार असेल, तर ब्रिटनच्या इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला तुमची नेमकी योजना सांगून लेखी मत घ्या. त्याने नको म्हटले तर तो विषय तिथेच सोडा. “विचारले तर मैत्रिणीचे घर आहे म्हणायचे” असा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. तो ऐकू नका. अर्जात खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले, तर दहा वर्षांपर्यंत प्रवेशबंदी होऊ शकते, आणि त्या दहा वर्षांत तुमचे नातवंड पाचवीत जाईल.

आता ‘फुकट’ या शब्दाकडे येते, कारण तुमचा सगळा प्रश्न त्यावरच उभा आहे. या क्षेत्रातले सर्वांत परिचित संकेतस्थळ, २०१० साली ब्रिटनमध्ये सुरू झालेले ट्रस्टेड हाउससिटर्स, घरमालक आणि राखणदार या दोघांकडूनही वार्षिक वर्गणी घेते. दोघांमध्ये आपसांत पैशांची देवघेव होत नाही, तर निवाऱ्याच्या बदल्यात देखभाल, असा व्यवहार असतो. म्हणजे तुम्ही किंमत मोजताच, फक्त ती वेळेच्या आणि जबाबदारीच्या रूपाने मोजता. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी खाणे, मांजराच्या शी-शूसाठी माती भरलेली पेटी रोज साफ करणे, झाडांना पाणी, कचऱ्याचे वेगवेगळे डबे ठरल्या वारी रस्त्यावर नेऊन ठेवणे, आणि रात्रीचा मुक्काम त्याच घरात. कुत्रा असेल तर पावसातही दोनदा फिरवावे लागते, आणि पुष्कळ मालकांची अट असते की त्याला तीन-चार तासांपेक्षा जास्त एकटे ठेवायचे नाही. दिवसभराची भटकंती त्यात बसतच नाही. तुम्हाला मांजरांची सवय आहे, तेव्हा तुम्ही फक्त मांजरांचीच घरे पाहावीत असे मला वाटते.

तीन कुत्रे, मोठी बाग आणि वर “अधूनमधून घराची थोडी साफसफाई” अशी मागणी असलेल्या जाहिराती तुम्हाला दिसतील. तो विनिमय नव्हे, ती बिनपगारी नोकरी आहे, आणि घर कितीही सुंदर असले तरी तिला नम्रपणे नकार द्यावा.

तुमच्या यजमानांच्या बोलण्याचे मला दोन भाग दिसतात. जनावरांची घाण काढणे हे हलके काम आहे आणि ते दुसऱ्या कोणीतरी करायचे असते, हा त्यातला पहिला भाग. हा समज आपल्या घरांत फार खोलवर रुजलेला आहे आणि तो तपासून पाहायलाच हवा. ज्याने आयुष्यात तुम्हाला कधी पाहिलेले नाही असा माणूस आपले घर, कपाटे, कागदपत्रे आणि घरातला मुका जीव तुमच्या हवाली करून जातो, यात कमीपणा कसला? पण दुसरा भाग कदाचित त्यांनी बोलून दाखवलेला नाही : त्यांना मांजरे आवडतच नसतील, किंवा परक्याच्या घरात वावरताना सतत अवघडल्यासारखे होईल अशी भीती असेल. तसे असेल तर ती खरी अडचण आहे आणि वाद घालून ती सुटणार नाही. त्यांना सरळ विचारा. पेटी साफ करणे तुमच्याकडे, कचरा आणि झाडे त्यांच्याकडे, अशी वाटणी त्यांना मान्य झाली तर पुढे जा. सहचराच्या मनाविरुद्ध अशी जबाबदारी घेतली, तर तिचा भार शेवटी त्या जनावरावर पडतो.

मुलाचे दुःख मला समजते. आईवडील आपल्या शहरात येऊन दुसऱ्याच्या घरी झोपणार, हे त्याला आपल्या कमाईवर आणि आपल्या घरावर ठेवलेले बोट वाटत असणार. तरीही एक विचारते, रागावू नका. पत्रात मुलाचे मत आहे, यजमानांचे आहे, मैत्रिणीचेही आहे, पण सुनेचे नाही. आठ महिन्यांच्या बाळाबरोबर त्या एका बेडरूममध्ये तिचा दिवस कसा जातो, रात्रीची झोप किती होते, तुम्ही घरात असण्याची तिला मदत होते की संकोच वाटतो, हे तिला कोणी विचारले आहे का? कदाचित ती म्हणेल की आई, पहिले पंधरा दिवस इथेच राहा, मला तुमची गरज आहे. कदाचित म्हणेल की दिवसा या, संध्याकाळी घर थोडे मोकळे असू द्या. दोन्ही उत्तरे प्रेमाचीच आहेत. तुमची मुक्कामाची योजना तिच्या उत्तरावरून ठरावी, संकेतस्थळावर कोणते घर रिकामे आहे त्यावरून नव्हे. सुरुवात आणि शेवट मुलाच्या घरी आणि मधले काही दिवस बसने जाता येईल इतक्या अंतरावर, अशी रचना बहुतेकांना मानवते. मुलगा, सून आणि बाळ तुम्हाला भेटायला त्या घरी येऊ शकतील का, हे मात्र मालकाला आधी विचारावेच लागते, कारण घर तुमच्यासाठी उघडलेले असते, तुमच्या पाहुण्यांसाठी नाही.

आणि लंडन पाहायचे राहून जाईल ही धास्ती? इथे मी तुमच्याशी पूर्णपणे असहमत आहे. टॉवर, राजवाडा, नदीकाठचे ते मोठे चक्र हे सगळे दोन-तीन दिवसांत पाहून होते, आणि राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायमस्वरूपी दालनांना २००१ पासून प्रवेशशुल्कही नाही. पण लंडनकर राहतात ते शहर उपनगरांत आहे, आणि तुमचा मुलगा नेमका त्यातल्या एका फार बोलक्या पट्ट्यात राहतो. जगातली पहिली भुयारी रेल्वे १८६३ साली पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन धावली. तीच मेट्रोपॉलिटन रेल्वे १८८० मध्ये हॅरोला पोहोचली, आणि पहिल्या महायुद्धानंतर या रेल्वेने आपल्या मार्गालगत घरांच्या वसाहतीच उभारून ‘मेट्रोलँड’ या नावाने त्यांची जाहिरात केली. पुढे आलेली अर्धगोल खिडकी, उताराचे कौलारू छप्पर, दारापुढे हातभर बाग : ही घरे कोणासाठी आणि का बांधली गेली, हे माहीत असले की सकाळी दूध आणायला जातानाचा रस्ताही वाचता येतो.

हॅरोच्या टेकडीवर चढा. ज्या शाळेत नेहरू १९०५ ते १९०७ या काळात शिकले ती शाळा तिथे आहे, आणि सेंट मेरी चर्चच्या आवारातून खाली दूरवर शहर पसरलेले दिसते. टेकडीच्या उत्तरेला हेडस्टोन मॅनर हे १३१० सालचे लाकडी चौकटीचे घर आहे. त्याच्या भोवतीचा खंदक आजही पाण्याने भरलेला आहे आणि आतल्या संग्रहालयाला तिकीट नाही. शेजारच्या पिनरमध्ये मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला एका बुधवारी रस्ते बंद करून जत्रा भरते; तिची सनद १३३६ सालची आहे, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या जत्रांच्या पंगतीत तिला बसवायला हरकत नाही. लंडनभोवती सुमारे १२६ किलोमीटरची ‘कॅपिटल रिंग’ ही पायवाट पंधरा टप्प्यांत आखलेली आहे आणि तिचा एक टप्पा हॅरोच्या टेकडीवरूनच जातो. पायांत चांगले बूट असले की बाकी खर्च शून्य.

तुमच्या ओळखीच्या खुणाही याच बाजूला आहेत. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू डॉलिस हिलला आहे. वेंबलीच्या ईलिंग रोडवर मेथी, कढीपत्ता, कच्ची केळी सगळे मिळते. आणि प्रिमरोझ हिलजवळचे किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर तर चुकवूच नका : १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहिले आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले. तिथून दहा-पंधरा मिनिटे चाललात की १८२० साली पूर्ण झालेला रीजंट्स कालवा लागतो. त्याच्या काठाकाठाने कॅम्डनपासून लिटल व्हेनिसपर्यंत जाणारी वाट जवळजवळ सपाट आहे.

मांजराचे वेळापत्रक या सगळ्याच्या आड येत नाही. सकाळी खाणे-पेटी आटोपून साडेनऊनंतर निघालात की भुयारी रेल्वेचे गर्दीच्या वेळेचे जादा भाडे वाचते, आणि संध्याकाळच्या खाण्याला परतायचेच असल्याने एका दिवसात पाच ठिकाणे उरकण्याचा मोह आपोआप टळतो. रोज त्याच वेळी त्याच गल्लीतून गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी समोरचे आजोबा हात हलवतात, दुकानदार हवामानावर बोलू लागतो. हॉटेलमध्ये उतरलेल्या प्रवाशाला हे सहसा मिळत नाही. बस स्वस्त आहेतच : पहिल्या बसमध्ये कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी एकच भाडे पडते. शनिवारी सकाळी नऊ वाजता अनेक उद्यानांत ‘पार्करन’ असते. २००४ मध्ये लंडनच्याच बुशी पार्कमध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात पाच किलोमीटर पळायचे किंवा चालायचे, आणि तेही विनाशुल्क. तुमच्या वयाची कितीतरी माणसे तिथे चालत असतात. सप्टेंबरात गेलात तर ‘ओपन हाउस’ महोत्सवात एरवी बंद असलेल्या शेकडो वास्तू आतून पाहता येतात.

सल्लागाराने हिरवा कंदील दाखवला, तर घर स्वीकारण्याआधी व्हिडिओ कॉलवर मालकांशी सावकाश बोला आणि काही गोष्टी लेखी मागा. मांजराला औषध असेल तर ते कसे देतात हे प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा. प्राण्यांच्या डॉक्टरांचा फोन, आणि मालकांशी संपर्क झाला नाही तर किती खर्चापर्यंत उपचार करायचे, हे स्पष्ट असावे. शेजारी दुसरी किल्ली कोणाकडे आहे, घरात कॅमेरे आहेत का, त्यांच्या घरविम्याला तुमचे राहणे चालते का, बॉयलर बंद पडला तर कोणाला फोन करायचा, हे विचारण्यात संकोच नको. मांजर बाहेर जाणारे असेल तर बहुधा दाराला एक छोटी झडप असते, जी मांजराच्या कातडीखालची मायक्रोचिप ओळखून उघडते. ती रात्री कधी बंद करायची, हेही समजून घ्या.

स्वयंपाकघराबद्दल मात्र थोडे थांबून सांगते, कारण तिथल्या मालकांना हे सुचणार नाही आणि आपल्याला ठाऊक नसते. कांदा आणि लसूण मांजरांना आणि कुत्र्यांना विषारी असतात, आणि शिजवले, वाळवले किंवा पूड केली तरी तो धोका जात नाही. म्हणजे रस्साभाजीचे पातेले ओट्यावर उघडे ठेवायचे नाही आणि उरलेली आमटी प्रेमाने बशीत ओतायची नाही. कुत्र्यांसाठी द्राक्षे आणि बेदाणेही घातक आहेत. माहेरी तुम्ही मांजराला दूधभात घालत असाल, पण मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, तेव्हा मालकांनी सांगितलेलेच अन्न आणि तेवढेच द्या. लिलीची फुले मांजराच्या मूत्रपिंडांचा घात करतात, नुसते परागकण अंगावर पडून चाटले गेले तरी. मुलाने आईसाठी हौसेने गुच्छ आणला आणि त्यात लिली असली, तर तो दाराबाहेरच ठेवायचा. आणि लाल मिरचीची फोडणी देताना खिडकी उघडून एक्झॉस्ट आधी लावा, कारण छतावरचा धुराचा अलार्म तेवढ्यानेही किंचाळतो आणि मांजर घाबरून पलंगाखाली जाऊन बसते.

नव्या राखणदाराला पहिले घर मिळणे कठीण असते, कारण मालक आधीच्या लोकांचे अभिप्राय पाहतात. त्यासाठी लंडनला जाण्याची वाट पाहू नका. आपल्याकडे पुण्या-मुंबईतली कितीतरी जोडपी मुलांकडे अमेरिकेला किंवा इंग्लंडला महिनोन्‌महिने जातात, आणि मागे घर, झाडे, कधी म्हातारे झालेले कुत्रे कोणाकडे सोपवायचे या विवंचनेत असतात. ओळखीतल्या अशा एखाद्या घरी पुण्यात पंधरा दिवस राहून पाहा. व्हिसाचा प्रश्न नाही, यजमानांना परक्या घरात राहणे जमते का हे कळेल, आणि इंग्रजीत लिहिलेले एक चांगले शिफारसपत्र हाती येईल. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखलाही काढून ठेवा. ज्या वाचकांना परदेशी जायचेच नाही, त्यांच्यासाठी तर महाराष्ट्रात आणि गोव्यात एवढेच करणे पुरेसे आहे.

आणि घर राखणे जमलेच नाही तर? हॅरोतच मुलाच्या घराजवळ एखादी खोली दोन-तीन आठवड्यांसाठी भाड्याने घेण्याचा हिशेब मांडून पाहा; सहा आठवड्यांचे हॉटेल आणि पंधरा दिवसांची खोली यांत मोठा फरक आहे. उन्हाळी सुटीत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससारख्या संस्था वसतिगृहातल्या खोल्या प्रवाशांना भाड्याने देतात, त्या मध्यवर्ती भागात असतात. राहण्यात वाचवलेले पैसे प्रवास विम्यावर मात्र खर्च कराच, कारण पाहुण्याला इस्पितळात दाखल व्हावे लागले तर तिथली सरकारी आरोग्यसेवा ठरलेल्या दराच्या दीडपट आकारणी करते.

संकेतस्थळाची वर्गणी आज भरू नका. आधी सुनेला फोन करा, आणि तो मुलगा कामावर असताना करा, म्हणजे तिला मोकळेपणाने बोलता येईल. तिचे म्हणणे ऐकल्यावर यजमानांना घेऊन बसा आणि तारखा ठरवा, मग सल्लागाराला लिहा. तिथल्या शाळांच्या सुट्या जुलैच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतात आणि घरे सर्वांत जास्त तेव्हाच रिकामी होतात, त्यामुळे सल्लागाराचे उत्तर होकारार्थी आले, तर पिनर आणि हॅरोमधली, एक-दोन मांजरांची, दहा दिवसांच्या आतली घरेच शोधा.